गावातली चक्री करवत आणि तिची निगा

गावच्या सुताराकडे पूर्वी वाकस, पटाशी, रंधा, गुण्या आणि हातकरवत एवढीच हत्यारे असत. ओंडका उभा चिरायचा तर एकाने वर आणि एकाने खाली उभे राहून दिवसभर करवत ओढायची. संध्याकाळी दोन-चार फळ्या पदरात पडत. वर्षाच्या बलुत्यावर सुतार नांगराचे रुमणे, कुळवाचे दिंड, गाडीचे जू करून देई. घाई ना त्याला असे, ना शेतकऱ्याला.

आता बाजाराच्या बहुतेक गावांत विजेवर फिरणारी गोल करवत आली आहे. लोखंडी टेबल, खाली मोटर आणि टेबलाच्या फटीतून वर डोकावणारे दातेरी पाते. कोणी तिला चक्री म्हणतो, कोणी कटर, कोणी नुसतेच ‘मशीन’. दिवसाचे काम ती तासावर आणते. दाराच्या चौकटी, गव्हाणीच्या आणि ट्रॉलीच्या फळ्या, मधमाश्यांच्या पेट्या, कोंबड्यांची खुराडी, सारे तिच्यावरच कापले जाते. आयटीआय करून आलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांनीही अशी दुकाने थाटली आहेत. शेतकऱ्याची ओळख या यंत्राशी आणखी एका वाटेने होते. बांधावरची बाभूळ घेऊन तो दुकानात गेला की मिस्त्री म्हणतो, “दादा, जरा पलीकडून धरा.” आणि दादा धरतात. म्हणून हा लेख मिस्त्रींसाठी आहे तसा दादांसाठीही आहे.

या यंत्राच्या वेगाचा अंदाज पुष्कळांना नसतो. १० इंची पात्याचा परीघ सुमारे ८० सेंटिमीटर भरतो. ते मिनिटाला २,८८० फेरे घेत असेल तर प्रत्येक दाता ताशी सुमारे १३८ किलोमीटर वेगाने पळत असतो. आपली एस.टी. उतारावर सुसाट सुटली तरी तिला हे गाठणे नाही. या वेगापुढे माणसाचा हात मागे घेण्याचा वेग कुठल्या कुठे राहतो. ‘मी सावध असतो’ एवढ्यावर भागत नाही. यंत्रच असे ठेवावे लागते, की हात पात्याजवळ न्यायची वेळच येऊ नये.

जोर लावावा लागला की थांबावे

धारदार पाते लाकूड आपणहून खाते. बोथट पात्यावर लाकूड रेटावे लागते. रेटताना माणूस पुढे झुकतो, सारा भार हातावर येतो, आणि एखादी गाठ संपून लाकूड एकदम सुटले की भारासकट हात पुढे जातो. पुढे पाते असते. बोटे गेलेल्या मिस्त्रींशी बोलताना मी पुष्कळदा विचारतो, की त्या दिवशी पाते कसे होते. उत्तर बहुधा एकच येते: “धार गेली होती, पण काम निकडीचे होते.”

धार गेल्याच्या खुणा ओळखायला सोप्या आहेत. लाकडाला जळका वास येतो आणि कापाच्या कडेवर तपकिरी-काळे डाग पडतात. दाणेदार भुशाऐवजी पिठासारखी भुकटी पडू लागते. मोटरचा आवाज दबतो. फळी सरळ जायच्या ऐवजी एका अंगाला ओढते. यातली एक खूण दिसली तरी बटण बंद करून पाते उतरवावे. हातातली शेवटची फळी कापून मग बघू, असे म्हणू नये.

आपल्याकडची लाकडेही पात्याला काही कमी छळत नाहीत. सागवान हाताला मऊ लागते, म्हणून त्याने धार जाणार नाही असे वाटते. पण वाळूत जे द्रव्य असते त्याच जातीचे बारीक कण सागाच्या पोटात असतात, आणि साध्या पोलादी दात्यांची धार ते झपाट्याने घालवतात. कोकणात माडाचे खोड चिरणाऱ्यांना हाच अनुभव येतो. बाभूळ कठीण आणि जड. निलगिरीची तऱ्हा निराळी. तिच्या खोडात ताण भरलेला असतो. चिरता चिरता तो ताण सुटतो आणि फळीचे दोन भाग एकतर फाकतात, नाहीतर मिटून पात्याला चिमटा घेतात.

आधी आंघोळ, मग धार

पुष्कळदा धार गेलेलीच नसते. दात्यांवर आणि पात्याच्या अंगावर चीक व डिंक बसून त्याचे पुट जमलेले असते. ओली बाभूळ, कडुलिंब किंवा आंबा कापला की हे हटकून होते. पुटामुळे पाते घासते, घासल्याने तापते आणि तापल्याने वाकडे चालते. म्हणून कानस हातात घेण्याआधी पात्याला आंघोळ घालावी. पसरट घमेल्यात कोमट पाणी घेऊन त्यात मूठभर धुण्याचा सोडा विरघळवावा आणि पाते पंधरा-वीस मिनिटे बुडवून ठेवावे. मग दात घासायच्या जुन्या ब्रशाने दाता न् दाता घासावा, पाते लगेच कोरडे करून उन्हात धरावे आणि तेलाचा नुसता हात फिरवावा. घमेले स्वयंपाकघरातले नसावे, हे भगिनींच्या वतीने सांगून ठेवतो. कॉस्टिक सोडा वापरू नये. तो हात भाजतो आणि दात्यांच्या कठीण टोकांनाही बाधतो. चीक जाळण्यासाठी पाते चुलीवर धरणारेही मी पाहिले आहेत. त्याने पोलादाचे पाणी उतरते आणि ते पाते पुन्हा सरळ चालत नाही.

पाते धुतल्यावर ते उन्हात धरून दात्यांच्या मधल्या खाचा नीट न्याहाळाव्यात. चीर पडते ती बहुधा खाचेच्या तळाशी. साध्या डोळ्यांना दिसत नसेल तर एक जुनी युक्ती आहे. त्या जागी थोडे रॉकेल लावावे, मिळत नसल्यास डिझेल. पाच-दहा मिनिटांनी ते फडक्याने कोरडे पुसून वर खडूची पूड चोळावी. चिरेत शिरलेले तेल बाहेर झिरपते आणि पांढऱ्या पुडीवर ओली रेघ उमटते. अशी रेघ दिसली तर ते पाते संपले असे समजावे. वेल्डिंग करून ते पुन्हा चढवू नये. साधे पोलादी पाते असेल तर लोहाराकडून त्याची चांगली खुरपी होतात.

पात्यांचे प्रकार मुख्यतः दोन. एक साधे पोलादी पाते. दुसरे, दात्यांच्या टोकांना टंगस्टन कार्बाइडचे कठीण तुकडे जोडलेले पाते. बाजारात त्याला टीसीटी म्हणतात. साध्या पात्याला दुकानातच कानशीने धार देता येते. प्रत्येक दात्याला कानशीचे सारखेच हात द्यावेत, एकाला तीन तर साऱ्यांना तीन. कमी-जास्त झाले की उंच राहिलेला दाताच सारे काम करतो आणि बाकीचे नुसते फिरत राहतात. खाचेचा तळ गोल कानशीने गोलच ठेवावा. तिथे टोकदार कोपरा राहिला की चिरेला वाट मिळते.

धारेबरोबर साध्या पात्याचे दाते आलटून पालटून एक डावीकडे, एक उजवीकडे किंचित वाकवावे लागतात, म्हणजे काप पात्याच्या जाडीपेक्षा रुंद पडतो आणि पाते मोकळे फिरते. दाता मुळापासून वाकवू नये, वरचा तिसरा हिस्साच वाकवावा. वाळलेल्या कठीण लाकडाला एका बाजूला ०.३ ते ०.५ मिलिमीटर पुरते. ओल्या लाकडाला थोडे जास्त लागते, कारण ओले लाकूड फुगून काप मिटवते.

टीसीटी पात्याला मात्र कानस लावू नये. त्या टोकांपुढे कानसच हरते. त्यांची धार हिऱ्याच्या चाकावर लावतात आणि ती सोय तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी असते. पाते अगदी निकामी होईपर्यंत थांबू नये, कारण फार बोथट झालेले टोक घासून बरेच कमी करावे लागते. दुकानात दोन पाती असावीत, म्हणजे एक धारेला गेले तरी दुसऱ्यावर काम चालते. एखादे टोक उडालेले दिसले तर त्या पात्यावर ‘एवढ्याने काय होते’ म्हणून कापू नये. पुढच्या दात्यावर दुप्पट भार येतो आणि तेही टोक उडते. उडते म्हणजे बंदुकीतून सुटल्यासारखे.

दात्यांच्या संख्येबद्दलही थोडे सांगतो. लाकूड उभे चिरायला १० इंची पात्याला २४ च्या आसपास दाते बरे. आडवे कापायला आणि सफाईला ६० चे घ्यावे. एकच पाते परवडणार असेल तर ४० चे घ्यावे. साठ दात्यांच्या पात्यावर ओला ओंडका चिरणे म्हणजे चाळणीतून शेण गाळणे.

पाते बसवताना

पाते काढण्या-घालण्याआधी मुख्य वायरची पिन काढावी. नुसते बटण बंद करून भागत नाही. दुकानात दुसरे माणूस असते आणि लहान पोरांना बटणाची भारी हौस असते. पाते ज्या दोन चकत्यांमध्ये आवळतो त्या, आणि मधला दांडा, फडक्याने स्वच्छ पुसावा. चकती ३ इंची आणि पाते १० इंची असेल तर चकतीच्या काठाशी राहिलेला भुशाचा कण पात्याच्या काठाला तिप्पटीहून जास्त हेलकावा देतो. नट कोणत्या बाजूला सुटतो ते पाहून मगच पाना लावावा, काही यंत्रांचे आटे उलटे असतात. टेबलाच्या वर आलेले दाते कापणाऱ्याकडे तोंड करून असावेत. पात्याचे भोक दांड्याला मोठे होत असेल तर कागद किंवा पत्र्याची गुंडाळी घालून जमवू नये. त्या मापाची पोलादी कडी मिळते, तीच वापरावी.

पात्यावर जास्तीत जास्त फेऱ्यांचा आकडा कोरलेला असतो. तो वाचावा आणि आपल्या यंत्राशी ताडून पाहावा. हिशेब अवघड नाही. मोटर मिनिटाला १,४४० फेऱ्यांची, तिच्यावरची पुली ६ इंची आणि पात्याच्या दांड्यावरची ३ इंची, म्हणजे पाते दुप्पट, २,८८० फेरे फिरते. पुढचा घोटाळा मी एकापेक्षा जास्त गावांत पाहिला आहे. मोटर जळते. घाईने दुसरी आणतात. ती २,८८० फेऱ्यांची निघते, पण पुल्या जुन्याच राहतात. आता पाते ५,७६० फेरे फिरू लागते. मालक खूश होतो, यंत्र जोरात चालते म्हणतो. गावात जोडलेले टेबल, त्याची बेअरिंगे आणि साधे पोलादी पाते या वेगासाठी केलेलेच नसते. अशा वेळी दोन्ही पुल्या एका मापाच्या कराव्यात. मोटरीवरची पितळी किंवा पत्र्याची पाटी वाचायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

पट्टा मधोमध अंगठ्याने दाबला तर अर्ध्या इंचाच्या आसपास दबावा. सैल पट्टा घसरतो आणि ऐन कापात पाते अडते. फार ताणलेला पट्टा बेअरिंग खातो. दोन पट्टे असतील तर दोन्ही एकदम बदलावेत. पट्ट्यावर जाळी किंवा पत्रा हवाच. धोतराचा सोगा आणि साडीचा पदर पात्यात जाण्याआधी बहुधा पट्ट्यातच जातो. वीज तोडून पाते हाताने वर-खाली हलवून पाहावे. खुळखुळले तर बेअरिंग बदलावे. तासभर काम झाल्यावर यंत्र बंद करून बेअरिंगच्या घराला हात लावावा. हात ठेववत नसेल तर ग्रीस आटलेले असते किंवा कोंबून भरलेले असते. जास्त ग्रीसनेही बेअरिंग तापते.

लाकूड उलटे का येते?

पात्याचे पुढचे दाते वरून खाली जातात आणि लाकूड टेबलावर दाबून धरतात. मागचे दाते मात्र खालून वर, कापणाऱ्याच्या दिशेने येत असतात. लाकूड जरा तिरके होऊन मागच्या दात्यांना लागले किंवा काप मिटून पात्याला चिमटा बसला, की ते दाते लाकूड उचलून कापणाऱ्याच्या अंगावर फेकतात. पोटाला, जांघेला, तोंडाला मार बसतो. त्याहून वाईट म्हणजे लाकडावर ठेवलेला हात त्याबरोबर ओढला जाऊन पात्यावर जातो.

याचा पहिला उपाय म्हणजे गाईडपट्टी सरळ ठेवणे. लाकूड जिला टेकवून सरकवतो ती पट्टी पात्याशी समांतर हवी. वीज तोडावी. पात्याच्या एका दात्यावर खडूने खूण करावी. तो दाता पुढे आणून पट्टीपासूनचे अंतर मोजावे. मग पाते हाताने फिरवून तोच दाता मागे न्यावा आणि पुन्हा मोजावे. दोन्ही मापे सारखी यावीत. मागचे अंतर केसभर जास्त चालेल, कमी मुळीच चालणार नाही. कमी म्हणजे लाकूड पट्टी आणि मागच्या दात्यांमध्ये आवळले जाणार. महिन्यातून एकदा आणि पट्टीला धक्का बसला की त्याच दिवशी हे माप घ्यावे.

दुसरा उपाय बहुतेक गावच्या टेबलांवर मला दिसत नाही, आणि तोच माझ्या मते सर्वांत मोलाचा आहे. पात्याच्या पाठीमागे, पात्याच्याच रेषेत, पोलादाची एक उभी पट्टी घट्ट बसवतात. तिची पुढची कड पात्यासारखी गोलाईची असते आणि दात्यांपासून एक सेंटिमीटरच्या आत राहते. तिची जाडी पात्याच्या अंगापेक्षा थोडी जास्त आणि कापाच्या रुंदीपेक्षा थोडी कमी असावी. कापलेली फळी या पट्टीच्या दोन्ही बाजूंनी जाते, म्हणून काप मिटत नाही आणि मागच्या दात्यांना लाकूड लागत नाही. निलगिरी आणि ओल्या बाभळीसाठी तर ही हवीच हवी. गावचा वेल्डर ती करून देतो. पाते वर-खाली होत असेल तर पट्टीही त्याबरोबर सरकली पाहिजे, एवढे त्याला सांगावे.

पात्यावर टोपी हवी. १९४८ च्या कारखाने कायद्यात धोकादायक यंत्राला आडोसा घालण्याचे कलम होते. पण दोन-तीन माणसांच्या खेड्यातल्या दुकानात तपासायला कोण येतो? टोपी असलेल्या दुकानांतही ती पुष्कळदा खिळ्याला टांगलेली असते. कारण विचारले तर ‘काप दिसत नाही’ म्हणतात. जाळीची किंवा जाड पारदर्शक प्लास्टिकची केली की काप दिसतो. पाते लाकडाच्या वर फार काढू नये. दात्यांची खाच लाकडावर जेमतेम दिसेल इतके पुरे.

हात पात्यापासून वीतभर लांब असावा. त्याहून जवळ जायचे तर हाताऐवजी ढकलकाठी वापरावी. फूट-दीड फुटाची काठी, तिच्या टोकाला लाकडाची कड पकडेल अशी खाच. टाकाऊ प्लायवुडची दहा मिनिटांत होते. एक नव्हे, दोन कराव्यात आणि टेबलालाच अडकवाव्यात. कोपऱ्यात ठेवलेली काठी कोणी उठून आणत नाही. कापणाऱ्याने पात्याच्या समोरच्या रेषेत न उभे राहता एका अंगाला उभे राहावे. हातमोजे घालू नयेत, दाता मोज्याला पकडतो आणि सारा हात आत ओढतो. अंगठी, मनगटावरचा गंडा, गळ्यातले उपरणे, लोंबती बाही हे सारे बाजूला ठेवून कामाला लागावे.

टेबल गंजले की लाकूड अडखळते आणि पुन्हा जोर लागतो. पावसाळ्यात बारीक पॉलिश कागदाने गंज काढून टेबलावर मेणबत्ती घासावी आणि फडक्याने चोळावी. लाकूड लोण्यासारखे सरकते. तेल लावू नये, ते फळीला डाग पाडते आणि भुसा धरून ठेवते.

अमेरिकेत स्टीव्ह गॅस यांना १९९९ मध्ये एक युक्ती सुचली आणि २००४ पासून तशी यंत्रे विकली जाऊ लागली. बोट लागल्याचे विजेच्या जाणिवेने ओळखून ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्यावर आदळतो आणि पाते निमिषात थांबते. बोटावर जेमतेम ओरखडा येतो. पण ओल्या लाकडालाही ते यंत्र फसू शकते, आणि एकदा थांबले की ठोकळा व पाते दोन्ही नवे घ्यावे लागतात. रस गळणारी बाभूळ चिरणाऱ्या आपल्या मिस्त्रीने तूर्त पोलादी पट्टी आणि ढकलकाठी यांच्यावरच भिस्त ठेवावी.

पंपाचा ‘ऑटो’ चक्रीला नको

शेतकऱ्याला विजेचे दुखणे सांगायला नको. दाब कमी आला की पंपाची मोटर तापते, एक फेज गेली की जळते. चक्रीच्या मोटरीचेही अगदी तेच आहे. दाब कमी असताना पाते कापात अडते, म्हणून अशा वेळी जाड लाकूड हाती घेऊ नये. मोटरीच्या पंख्यावर आणि अंगावरच्या पन्हाळ्यांत भुसा साचू देऊ नये, तो गोधडीसारखा ऊब धरतो.

एका बाबतीत मात्र पंप आणि चक्री यांची गल्लत होऊ देऊ नये. रात्री-अपरात्री वीज आली की पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून पुष्कळ जण स्टार्टरला ‘ऑटो’ लावतात. तोच जुना स्टार्टर मग कोणी चक्रीला बसवतो. आता कल्पना करा. कापता कापता वीज गेली. मिस्त्रीने अडकलेला तुकडा काढायला पात्याजवळ हात घातला. आणि वीज आली. चक्रीला असा स्टार्टर हवा, की वीज गेली की तो आपण होऊन सुटेल आणि पुन्हा हाताने दाबल्याशिवाय चालू होणार नाही. साध्या खटक्याच्या बटणावर चालवणारे पुष्कळ आहेत. तेही ‘ऑटो’इतकेच वाईट, कारण गेलेली वीज आली की पाते विचारत नाही. बंद करायचे लाल बटण मांडीने किंवा गुडघ्याने दाबता येईल अशा ठिकाणी असावे. त्या घटकेला दोन्ही हात लाकडावर असतात. अर्थिंग पक्के हवे.

बटण बंद केल्यावर पाते लगेच थांबत नाही. आवाज थांबतो आणि पाते मुकाट्याने फिरत राहते. काही ट्यूबलाइटांखाली तर फिरते पाते स्थिर असल्यासारखा भास होतो. ते पुरते थांबल्याशिवाय तुकडे वेचू नयेत, आणि ते थांबवण्यासाठी अंगाला लाकूड दाबू नये.

इतके करूनही कोणाचे बोट तुटलेच, तर जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरावे आणि हात उंच ठेवावा. हळद, चुना, कॉफी काही भरू नये. तुटलेले बोट स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात किंवा पाण्यात टाकू नये. १०८ ला फोन करून जिथे बोट जोडण्याची सोय आहे अशा रुग्णालयात विनाविलंब पोचावे. ‘आता काय उपयोग’ म्हणून बोट दुकानातच टाकून जाणारे लोक आहेत. वेळेत आणि नीट नेलेले बोट जोडता येऊ शकते.

लाकूड घेऊन जाणाऱ्यांसाठी

मिस्त्रीच्या पात्याचे निम्मे शत्रू आपणच गाडीत घालून नेतो. बांधावरच्या बाभळीला किंवा निंबाला कधीतरी तार ठोकलेली असते. झाड वाढते, साल वरून मिटते, आणि दहा-पंधरा वर्षांनी खिळा चार बोटे आत गेलेला असतो. बाहेरून काही दिसत नाही. चक्रीवर मात्र तो खिळा ठिणगी पाडतो आणि दाते घेऊन जातो. बुंध्याच्या कापावर निळे-काळे डाग दिसले तर आत लोखंड आहे असे धरून चालावे, कारण लोखंडाने बाभळीसारखे लाकूड काळे पडते. कोणत्या झाडाला तार होती हे घरच्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असते, त्यांना विचारावे. जुन्या घराचे वासे-फळ्या नेताना एकेक खिळा उपटावा आणि मिस्त्रीला स्वच्छ सांगावे. लाजेने गप्प बसू नये. ओंडका चिखलातून ओढत नेलेला असेल तर साल तासून आणि माती धुऊन न्यावा, मातीइतके धार घालवणारे दुसरे काही नाही.

मिस्त्रीने पलीकडून धरायला सांगितले तर एक नियम पाळावा. फळी फक्त खालून तोलायची, ओढायची नाही. आपण ओढले की मिस्त्रीचा हात त्याच्या अंदाजाआधी पात्यावर जातो. खरे तर माणसाऐवजी टेबलाच्याच उंचीची एक घोडी मागे ठेवावी. ती ओढत नाही आणि गप्पाही मारत नाही. लहान मुलांना बरोबर नेऊ नये.

भुसा

भुसा फुकट मिळतो म्हणून घरोघर जातो. त्याबद्दल दोन शब्द. लाकडाची बारीक धूळ सतत छातीत जाणे वाईट. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीची गणना कर्करोगास कारण होणाऱ्या पदार्थांत केली आहे. नाकाच्या कर्करोगाशी तिचा संबंध आढळला आहे. मिस्त्रीने नाकातोंडावर नीट बसणारा मास्क लावावा आणि टेबलाखालचा भुसा रोज काढावा. छपराखाली साठलेल्या भुशाजवळ विडी ओढणाऱ्याला बाहेर काढावे.

कोंबड्यांखाली अंथरायला भुसा चांगला, पण तो कोरडा हवा. ओला होऊन बुरशी आलेला भुसा कोंबड्यांच्या फुप्फुसांना रोग लावतो. गोठ्यातही तो चालतो. मात्र ताजा भुसा खत म्हणून सरळ शेतात पसरू नये. त्यात कर्ब भरमसाट आणि नत्र नावापुरते असते. तो कुजवणारे जिवाणू जमिनीतले नत्र स्वतःसाठी ओढून घेतात आणि वरचे पीक पिवळे पडते. भुशाचे खत करायचे तर खड्ड्यात त्याचे पातळ थर शेण, गोमूत्र आणि हिरव्या पाल्याबरोबर आलटून पालटून द्यावेत, वर थोडा युरिया शिंपडावा, ओल टिकवावी आणि अधूनमधून वरखाली करावे. रंग काळपट होऊन लाकडाचा वास गेला म्हणजेच तो शेतात न्यावा. उसाच्या पाचटापेक्षा त्याला जास्त दिवस लागतात, तेव्हा या पावसाळ्यात भरलेला खड्डा पुढच्या पेरणीच्या सुमारास उकरून पाहावा.